राजे टाकायचे की एक्केसुद्धा? साधी टूर्नामेंट आणि सॅटेलाइट

कोल्हापुरात पत्त्यांची सवय लागते ती बहुधा तीन पत्तीच्या डावात. तिथं हाती एक्क्यांची ट्रेल आली आणि पॅक केली, असं कुणी ऐकलंय का? पैशांच्या ऑनलाइन खेळांवर 2025 च्या केंद्रीय कायद्यानं बंदी आली, त्यामुळे आता पोकर खेळायचं तर आपली पोरं घाट उतरून गोव्याला जातात. जाताना हीच सवय सोबत असते. राजाची जोडी दिसली की ऑल-इन, म्हणजे सगळ्या चिप्स पणाला! पण टूर्नामेंटमध्ये राजे टाकणं, म्हणजे डाव सोडणं, कधीकधी अगदी बरोबर असतं, आणि सॅटेलाइटमध्ये, म्हणजे मोठ्या टूर्नामेंटची सीट जिंकायच्या टूर्नामेंटमध्ये, तर एक्केसुद्धा. टेबल तेच, चिप्स त्याच, ब्लाइंडही (पाळीनं सक्तीनं लावायच्या चिप्स) तसेच वाढतात, म्हणून दोन्हींत गल्लत होते. फरक आहे तो बक्षिसाच्या वाटणीत.

आधी साधी टूर्नामेंट. समजा चौघे उरलेत, चिप्स सारख्या, बक्षिसं तिघांनाच: 50, 30 आणि 20 टक्के. एकानं ऑल-इन केलं, दोघांनी फोल्ड केलं, म्हणजे पत्ते टाकले, आता पाळी तुमची. तुमच्या चिप्सची आत्ताची किंमत एकूण बक्षिसाच्या 25 टक्के. जिंकलात तर चिप्स दुप्पट होतील, किंमत मात्र आयसीएमच्या (चिप्सची बक्षिसातली किंमत काढायची पद्धत) हिशेबानं 38 टक्क्यांच्या आसपासच जाते, कारण सगळ्या चिप्स गोळा केल्या तरी पहिल्याला 50 च मिळणार. हरलात तर काहीच नाही. 25 ला 38 नं भागा: ब्लाइंड बाजूला ठेवले तर कॉलसाठी, म्हणजे तितक्याच चिप्स लावून भिडण्यासाठी, जिंकायची शक्यता 65 टक्के हवी. कॅश टेबलावर, जिथं चिप्स म्हणजे थेट पैसेच, 50 पुरली असती.

आता हातात राजे आहेत. समोरचा कुठल्याही पत्त्यांवर ऑल-इन करणारा असेल, तर राजे सुमारे 82 टक्के वेळा जिंकतात. बिनधास्त कॉल करा. पण तो फक्त एक्के, राजे, राण्या किंवा एक्का-राजा यांवरच उतरणारा असेल, तर तीच शक्यता 57 वर येते. मग फोल्ड. जड जातं, मान्य आहे, पण हिशेब सरळ आहे. एक्के मात्र इथं टाकायचे नाहीत.

सॅटेलाइटमध्ये बक्षीस म्हणजे मोठ्या टूर्नामेंटची सीट, आणि सगळ्या सीट सारख्या. पहिला आलात काय, तिसरा आलात काय, मिळणार तेच. वरच्याच चौघांत तीन सीट असतील तर प्रत्येकाची सीट मिळायची शक्यता 75 टक्के; जिंकलात तर सीट पक्की, म्हणून कॉल करायलाही 75 च हवी. एक्के त्याहून जास्त वेळा जिंकतात, म्हणून ते अजून चालतात.

खरी गंमत पुढे आहे. समजा चौथ्याकडे अर्धाच ब्लाइंड उरलाय आणि पुढच्या हाताला बिग ब्लाइंड (दोन ब्लाइंडपैकी मोठा) त्याचाच. तुम्ही नुसतं फोल्ड केलंत तरी सीट मिळायची शक्यता नव्वदीच्या बरीच वर. तुमच्याइतक्याच चिप्सवाल्यानं ऑल-इन केलं आणि तुम्ही एक्क्यांवर कॉल केलात, तर समोर कुठलेही पत्ते असू शकतात असं धरून शक्यता सरासरी 85. मग एक्के टाकलेच पाहिजेत. लोक इथंच चुकतात, कारण पत्ते सुंदर दिसतात.

मात्र हे सगळं समोरचा तुम्हाला बाहेर काढू शकत असेल तेव्हाच. तोच अर्ध्या ब्लाइंडवाला ऑल-इन करत असेल, तर हरलात तरी तुमचं फारसं बिघडत नाही. तिथं कमजोर पत्त्यांवरसुद्धा कॉल करा. आणि सगळ्यात कमी चिप्स तुमच्याच असतील, तर सॅटेलाइट असली तरी एक्के धरून ठेवा. फोल्ड करत बसलात तर ब्लाइंडच तुम्हाला संपवतील.