कमरेवरचा खरा भार

पूर्व विदर्भातील भंडारा, गोंदिया, गडचिरोली या जिल्ह्यांत पाऊस लागून धानाची रोवणी सुरू झाली की बाया दिवसभर बांधीतल्या चिखलात वाकून असतात. हातात असते पऱ्ह्यांची एक जुडी, आणि एका वेळी चिखलात रोवली जाणारी दोन-चार रोपे तर वजनात धरण्यासारखीही नसतात. तरीही सायंकाळी कंबर धरलेली असते. ‘जड तर काही उचललेच नाही’ असे त्या स्वतः म्हणतात आणि घरातली माणसेही तसेच समजतात. भौतिकशास्त्राच्या हिशेबाने मात्र त्या दिवसभर स्वतःचे जवळपास निम्मे शरीर तोलून धरून होत्या, आणि तेही अतिशय तोट्याच्या तरफेने.

शेतातला मोठा दगड हलवताना आपण पहारीला दगडाजवळ टेकू देतो आणि लांबच्या टोकावर जोर लावतो, त्यामुळे थोड्या बळात मोठे वजन हलते. पाठीची रचना याच्या नेमकी उलट आहे. येथे टेकू म्हणजे कमरेचे सर्वांत खालचे मणके. पाठीला आधार देणारे स्नायू या टेकूच्या मागे जेमतेम पाच सेंटीमीटरवरून जातात, तर माणूस बराच वाकला की धड, डोके आणि हात यांचा एकत्रित गुरुत्वमध्य टेकूच्या साधारण २५ सेंटीमीटर पुढे येतो. पन्नास किलो वजनाच्या बाईच्या कमरेवरचा भाग २५ किलोचा धरला, तर अंतर पाचपट असल्यामुळे तोल राखण्यासाठी स्नायूंना २५ च्या पाचपट, म्हणजे सुमारे १२५ किलो वजनाएवढी ओढ लावावी लागते. ही ओढ मणक्यांच्या जवळजवळ समांतर असल्याने तिचा दाब मणक्यांमधल्या चकत्यांवर पडतो. ताठ उभे असताना त्याच चकत्यांवर २५ किलोपेक्षा फार जास्त भार नसतो.

शरीरात असा तोटा जागोजागी आहे. दंडाचा स्नायू कोपराच्या सांध्यापासून सुमारे चार सेंटीमीटरवर हाडाला जोडलेला असतो आणि हातातली वस्तू त्याच सांध्यापासून ३५ सेंटीमीटरवर असते. त्यामुळे कोपर काटकोनात ठेवून एक किलो धरताना स्नायूला आठ-नऊ किलोंची ओढ द्यावी लागते. इटलीच्या जोव्हान्नी बोरेल्ली यांनी हे गणित सतराव्या शतकातच मांडले होते. प्राण्यांच्या हालचालींवरील त्यांचा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, १६८०-८१ मध्ये, म्हणजे न्यूटनचे गतीचे नियम छापले जाण्याच्या काही वर्षे आधी प्रसिद्ध झाला. स्नायू उचललेल्या वजनापेक्षा कितीतरी अधिक बल लावतात, हा त्यांचा निष्कर्ष त्या काळी धक्कादायक होता.

या तोट्याच्या बदल्यात शरीराला वेग मिळतो. स्नायू सेंटीमीटरभर आखडला की हात आठ-नऊ सेंटीमीटर सरकतो, आणि तोही तेवढ्याच वेळात. ज्वारीवर उतरणारी पाखरे उडवण्यासाठी राखणदार गोफण फिरवतो, तेव्हा तो दोरीने हाताची लांबी आणखी वाढवतो. बळ आणखी महाग पडते, पण खडा हाताने फेकण्यापेक्षा खूप वेगाने सुटतो. धावणे, फेकणे, झटकन हात मागे घेणे यांसाठी ही रचना उत्तम आहे. तासन्तास वाकून राहण्यासाठी ती घडलेली नाही.

रोवणी करणाऱ्या बाया यावर एक उपाय न शिकवता करतात आणि तो बारकाईने पाहण्यासारखा आहे. डाव्या हातात जुडी धरून त्या डावे कोपर गुडघ्याच्या वर मांडीवर टेकवतात आणि उजव्या हाताने रोपे लावत जातात. कोपर मांडीला खाली दाबते, तेव्हा न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार मांडीही कोपराला तेवढ्याच बलाने वर दाबते. हा आधार कमरेच्या टेकूपासून बराच पुढे मिळत असल्यामुळे थोड्या बलानेही पाठीच्या स्नायूंची मोठी ओढ वाचते. कोपरावर पाच किलोंचा भार आला आणि ते टेकूच्या ३० सेंटीमीटर पुढे असले, तर स्नायूंचे ३० किलो कमी होतात.

अगदी पूर्ण वाकल्यावर आणखी एक गोष्ट घडते. फ्लॉइड आणि सिल्व्हर या ब्रिटिश संशोधकांनी १९५० च्या दशकात पाठीच्या स्नायूंतील विद्युत हालचाल मोजली, तेव्हा पूर्ण वाकलेल्या स्थितीत हे स्नायू जवळजवळ शांत होतात असे त्यांना दिसले. भार मात्र नाहीसा होत नाही, तो मणक्यांना बांधून ठेवणाऱ्या अस्थिबंधांवर जातो. स्नायूंना आराम मिळाल्यासारखे वाटते, पण बराच वेळ ताणलेले अस्थिबंध हळूहळू सैल होतात आणि सरळ उभे राहिल्यावरही पूर्ववत व्हायला वेळ घेतात. म्हणून बांधीतून बाहेर येताच पऱ्ह्यांचा जड भारा उचलणे धोक्याचे आहे. आधी थोडा वेळ उभे राहावे, चार पावले चालावे आणि मगच भाऱ्याला हात घालावा, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

ओझे उचलतानाही सारा हिशेब अंतराचाच असतो. सोयाबीनचा २० किलोंचा कट्टा कमरेच्या टेकूपासून ४० सेंटीमीटर दूर धरला, तर केवळ त्या कट्ट्यासाठी पाठीचे स्नायू १६० किलोंची ओढ लावतात. तोच कट्टा पोटाशी, २० सेंटीमीटरवर आणला की ८० पुरतात. कामगारांच्या सुरक्षिततेसाठी काम करणाऱ्या अमेरिकेतील सरकारी संस्थेने १९९१ मध्ये सुधारलेले सूत्र हेच सांगते: बाकी सारे अनुकूल असताना, ओझे घोट्यांपासून २५ सेंटीमीटर पुढे असेल तर २३ किलोंपर्यंत उचलावे, आणि तेच अंतर ५० सेंटीमीटर झाले तर मर्यादा निम्म्यावर, साडेअकरा किलोंवर येते. कापूस वेचताना पोटासमोर बांधलेली ओटी भरत जाते तसा असाच भार वाढतो. वेचलेला पाच किलो कापूस टेकूच्या ३० सेंटीमीटर पुढे लटकला की पाठीवर ३० किलोंची जादा ओढ पडते, म्हणून ओटी गच्च भरण्याआधीच रिकामी करणे शहाणपणाचे.

डोक्यावरच्या पाण्याच्या गुंडाचे गणित निराळे आहे. त्याचे वजन थेट कण्याच्या रेषेवर येते, अंतर जवळजवळ शून्य होते आणि पाठीला वेगळी ओढ लावावी लागत नाही. केनियातील लुओ समाजातील स्त्रिया स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापर्यंतचे ओझे डोक्यावरून नेताना मोकळ्या चालण्याइतकीच ऊर्जा वापरतात, असे १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. मानेच्या मणक्यांवर मात्र पूर्ण वजन पडते. शिवाय सर्वांत अवघड क्षण भरलेला गुंड जमिनीवरून डोक्यापर्यंत नेण्याचा असतो, कारण तेवढ्या वाटेत तो शरीरापासून दूर असतो. विहिरीवर ‘थोडा हात लाव व माय’ म्हणून दुसरीला बोलावतात ते याच क्षणासाठी.

फवारणीच्या १६ लिटरच्या पंपालाही ओझे अंगाजवळ ठेवण्याची हीच युक्ती लागू पडते. नुसते पाणीच १६ किलो असते. भरलेला पंप जमिनीवरून उचलून पाठीवर टाकण्याऐवजी आधी शेताच्या धुऱ्यावर किंवा बैलगाडीच्या कडेवर, कमरेच्या उंचीला ठेवावा, तिकडे पाठ करून पट्ट्यांत हात घालावेत आणि गुडघे सरळ करत उभे राहावे. पट्टे घट्ट आवळले की टाकी पाठीला चिकटते. ते सैल राहिले तर टाकी मागे लोंबते, तोल सावरण्यासाठी माणूस पुढे झुकतो, आणि ओळीच्या शेवटापर्यंत त्याला तसेच झुकून चालावे लागते.