ॲक्शन फिगर खोलून नव्याने घडवण्याचा इतिहास

एका ॲक्शन फिगरचे, म्हणजे हातपाय हलणाऱ्या खेळण्यातल्या माणसाचे, डोके काढून दुसरीच्या धडावर बसवायचे, खांद्यावर पुटीने (मळून घडवायच्या, नंतर टणक होणाऱ्या लगद्याने) नवे चिलखत घडवायचे आणि कारखान्याचा रंग उतरवून आपला चढवायचा, या सगळ्याला आज जगभर ‘कस्टम’ म्हणतात. हा छंद इंटरनेटमुळे फोफावला, त्यामुळे तो इंटरनेटइतकाच नवा असावा असे वाटते. पण त्याची मुळे बरीच जुनी आहेत आणि त्यांतली काही थेट खेळण्यांच्या कंपन्यांमध्येच सापडतात. फिगर कशी जोडली आहे, तिचे प्लॅस्टिक कोणते, सांधा कुठे आहे यावरच कस्टम करणाऱ्याचे तंत्र दरवेळी ठरत गेले. फिगरची रचना बदलली की तंत्र बदलले, हे सूत्र धरले तर हा इतिहास नीट उलगडतो.

सुरुवात १९६४ मध्ये होते. अमेरिकेच्या हॅस्ब्रो कंपनीने जी. आय. जो हा सुमारे १२ इंच उंचीचा सैनिक आणला. मुलगे बाहुलीशी खेळणार नाहीत या धास्तीने कंपनीने ‘ॲक्शन फिगर’ हे नाव पुढे केले. १९६६ मध्ये ब्रिटनमध्ये पॅलिटॉय कंपनीने हाच सैनिक ॲक्शन मॅन या नावाने विकायला घेतला. त्याचे कपडे खऱ्या कापडाचे आणि अंगावरून काढता येणारे होते. बूट, पट्टे, हत्यारे सुटी मिळत. त्यामुळे पहिल्या पिढीचा फेरफार मुख्यतः शिवणकामाचा होता. नवा गणवेश बेतायचा, पट्टा चामड्याचा करायचा, फार तर चेहऱ्यावर रंग फिरवायचा. अंगाला हात लावायची गरज कुणाला फारशी पडली नाही.

रंगवण्याची खरी कसब मात्र दुसरीकडून आली. धातूचे छोटे सैनिक जमवणाऱ्यांची ब्रिटिश मॉडेल सोल्जर सोसायटी १९३५ पासून काम करत होती. ५४ मिलिमीटर उंचीच्या सैनिकाचा हात कापून वळवणे, टोपी बदलणे, एका पलटणीचा सैनिक दुसऱ्या पलटणीचा करणे हे या मंडळींना नेहमीचे होते. १९६० च्या दशकात फ्रान्सच्या हिस्टोरेक्स कंपनीने नेपोलियनच्या काळातल्या सैनिकांचे प्लॅस्टिक संच आणले. त्यांत धड, पाय, पट्टे, खोगीर असे सगळे सुटे असे, आणि हवे ते भाग एकत्र करून आपला सैनिक उभा करता येई. पुढच्या दशकात अमेरिकेचे मॉडेलकार शेप पेन यांनी मोनोग्राम कंपनीच्या रणगाड्यांच्या आणि विमानांच्या संचांसाठी देखावे उभारले. ते कसे केले याची पत्रके त्याच खोक्यांतून घरोघरी पोचली. पातळ गडद रंग खाचांत उतरवणे म्हणजे वॉश, आणि जवळपास कोरडा ब्रश उंचवट्यांवरून फिरवणे म्हणजे ड्रायब्रश. फिगर रंगवणारा आज जे पहिल्या आठवड्यात शिकतो, ते या सैनिकवाल्यांनी आधीच पक्के केले होते. त्यांचे ऋण फार कमी वेळा मानले जाते.

अंगालाच हात घालायची वाट मेगो कंपनीने दाखवली. १९७२ पासून आलेल्या तिच्या ८ इंची सुपरहिरोंचे धड बहुतेकदा एकाच साच्यातले असे. फरक असे तो डोक्याचा आणि पोशाखाचा. म्हणजे डोके बदलले की माणूस बदलतो, हे कंपनीनेच मुलांना शिकवले. १९७८ मध्ये केनर कंपनीने ‘स्टार वॉर्स’च्या ३.७५ इंची फिगर दुकानांत आणल्या आणि बाजार छोट्या आकाराकडे वळला. या फिगर कारखान्यातच कायमच्या बंद केलेल्या असत आणि त्यांचे सांधे जेमतेम पाच. म्हणजे त्या खेळायला सोप्या होत्या, पण खोलायला अवघड. गंमत अशी की हा आकार कसा दिसेल हे दाखवण्यासाठी केनरच्या लोकांनी सुरुवातीचे नमुने फिशर-प्राइस कंपनीच्या छोट्या फिगरवर फेरफार करूनच बनवले होते.

माझ्या मते या इतिहासात सगळ्यात मोठे वळण १९८२ चे आहे, आणि ते एका स्क्रूमुळे आले. त्या वर्षी हॅस्ब्रोने जी. आय. जो पावणेचार इंचांत नव्याने आणला. त्याच्या पाठीत एक स्क्रू होता आणि पोटात एक काळे रबरी कडे. तो स्क्रू काढला की धडाचे पुढचे-मागचे दोन भाग, दोन हात, डोके, कंबर आणि पाय सगळे सुटे होत. कडे कधीतरी कुजून तुटायचेच, म्हणजे दुरुस्तीसाठी का होईना, फिगर उघडावीच लागे. एकदा उघडली की दुसऱ्याचे हात याला लावून पाहण्याचा मोह कुणाला आवरणार? एका मोठ्या पिढीने फिगरची शरीररचना अशी हाताने शिकून घेतली. सुटे भाग जुळवून नवे पात्र उभे करण्याला ‘किटबॅश’ म्हणतात. त्यासाठी लागणारे एकमेव हत्यार, छोटा स्क्रूड्रायव्हर, घरोघरी होते.

त्याच वर्षी मॅटेल कंपनीचा ही-मॅन बाजारात आला. त्याच्या जन्माची कथा या छंदाचे स्वरूप फार नेमके सांगते. डिझायनर रॉजर स्वीट यांनी मॅटेलचीच जुनी बिग जिम फिगर घेतली, तिला लढाईच्या पवित्र्यात चिकटवली, वर माती चढवून स्नायू फुगवले आणि त्याचे प्लास्टर ओतून तीन नमुने वरिष्ठांपुढे ठेवले. आज घरी बसून कुणी हेच करतो तेव्हा त्याला कस्टम म्हणतात. पोलादी साचा बनवणे फार महाग असल्याने मॅटेलने पुढेही तेच भाग फिरवून वापरले. ही-मॅनचे अंग निळे केले, त्यावर त्याचा शत्रू स्केलेटॉर याचे चिलखत नारिंगी करून चढवले आणि फेकर तयार झाला. बीस्ट मॅन या दुसऱ्या पात्राच्या अंगावर हिरवी लव चिकटवली की मॉस मॅन. अशा रिपेंटना, म्हणजे जुन्याच अंगाला नवा रंग देऊन विकलेल्या फिगरना, ग्राहकाची फसवणूक म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही. रंग आणि पोत बदलला की तेच अंग किती वेगळे बोलते, याचा इतका स्वस्त आणि चांगला धडा दुसरा नव्हता.

आता साहित्याकडे वळू, कारण छंदाची उडी शेवटी साहित्यावर अवलंबून होती. भट्टीत भाजून पक्की होणारी पॉलिमर क्ले मूळची बाहुल्यांच्या जगातली. जर्मन बाहुलीकार केटे क्रूझ यांची मुलगी फिफी हिने बाहुल्यांची डोकी घडवण्यासाठी अशा मातीवर प्रयोग केले. १९६४ मध्ये एबरहार्ड फाबर कंपनीने ते मिश्रण घेतले आणि फिमो बाजारात आली. अमेरिकेतल्या स्कल्पी या अशाच मातीचा शोध तर विजेच्या ट्रान्सफॉर्मरमधली उष्णता वाहून नेणारा पदार्थ शोधताना लागला. या मातीत बारीक काम अप्रतिम होते, पण ती साधारण १३० अंश सेल्सियसला भाजावी लागते आणि तेवढ्या उष्णतेत खेळण्याचे प्लॅस्टिक वाकडे होते. म्हणून फिगरच्या अंगावर थेट घडवण्यासाठी इपॉक्सी पुटी वापरात आली. दोन भाग समप्रमाणात मळायचे, मग तास-दीड तास घडवायला मिळतो आणि रात्रभरात ती उष्णतेशिवाय टणक होते. घासता येते, भोकही पाडता येते. निळी-पिवळी मळून हिरवी होणारी पुटी थोडी रबरी राहते, ती कापडाच्या चुण्यांना आणि केसांना चांगली. मिलिपुटसारखी पुटी कडक होते, ती चिलखताच्या धारदार कडांना. मुरलेले लोक दोन्ही एकत्र मळतात.

रंगाचा प्रश्न याहून चिवट निघाला. मऊ पीव्हीसीमध्ये त्याला लवचिक ठेवणारे रसायन असते आणि ते हळूहळू पृष्ठभागावर येत राहते. इनॅमल रंग त्यामुळे महिनोन्‌महिने चिकट राहू शकतो. पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग हे मॉडेलवाल्यांचे नेहमीचे साधन झाल्यावर ही अडचण बरीच हटली. फिगर साबणाने धुवायची, प्रायमरचा, म्हणजे रंग धरून ठेवणाऱ्या अस्तराचा, पातळ थर द्यायचा, रंग एका जाड थराऐवजी अनेक पातळ थरांत चढवायचा, शेवटी मॅट वॉर्निश, हा क्रम तेव्हापासून रुळला. सांध्यावर रंग घासून निघतो, त्यावर मात्र रंगाचा उपाय नाही. सांधा आधी कानशीने किंचित उतरवून जागा करावी लागते. पीव्हीसीचे डोके गरम पाण्यात धरले की मऊ पडते आणि न फाटता निघते, ही युक्तीही याच प्लॅस्टिकच्या स्वभावातून आली.

जपानमध्ये गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ओसाका परिसरातल्या काइयोदो आणि जनरल प्रॉडक्ट्स या दुकानांभोवती ‘गॅरेज किट’ वाढले. मूळ मूर्ती हाताने घडवायची, सिलिकॉन रबराचा साचा करायचा आणि त्यात रेझिन (ओतल्यावर घट्ट होणारे द्रव प्लॅस्टिक) ओतून मोजक्या प्रती काढायच्या. १९८० च्या दशकाच्या मध्यात सुरू झालेल्या वंडर फेस्टिव्हल या गॅरेज किटच्या मेळाव्याने त्यात एक शहाणी सोय केली. हक्क असलेली कंपनी हौशी मूर्तिकाराला फक्त त्या एका दिवसापुरता विक्रीचा परवाना देते. बाकी जगात नकली साच्यांवरून आजही भांडणे होतात, ती पाहता ही व्यवस्था इतरत्र का रुजली नाही याची हळहळ वाटते.

१९९४ मध्ये टॉड मॅकफार्लेन यांच्या कंपनीने स्पॉन या कॉमिक्समधल्या नायकाच्या फिगर आणल्या आणि कारखान्याच्या मालातच कोरीव बारकावे वाढले. तिथून बाहेर पडलेल्या मूर्तिकारांनी १९९९ मध्ये फोर हॉर्समेन हा स्टुडिओ काढला. त्याच वर्षी हाँगकाँगमध्ये मायकेल लाऊ यांनी १२ इंची फिगरना रस्त्यावरच्या तरुणांचे रूप देऊन त्यांचे प्रदर्शन भरवले आणि कस्टम फिगर कलादालनात पोचली. २००२ पासून टॉय बिझच्या मार्व्हल लेजेंड्सने ६ इंची अंगाला भरपूर सांधे दिले. किटबॅशवाल्यांना लागणारी धडे एकदम मुबलक झाली.

नंतर संगणक आणि त्यासोबत थ्रीडी छपाई आली. चक हल यांचे प्रकाशाने रेझिन घट्ट करण्याचे पेटंट १९८६ चे, पण ते तंत्र टेबलावर यायला २०१२ मधल्या फॉर्मलॅब्सच्या छपाईयंत्राची वाट पाहावी लागली. पुढे काही वर्षांत स्वस्त यंत्रे आली आणि झीब्रश या संगणकावर मूर्ती घडवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये घडवलेले डोके घरीच छापता येऊ लागले. २०२२ मध्ये हॅस्ब्रोने फॉर्मलॅब्सच्याच मदतीने ग्राहकाचा स्वतःचा चेहरा ६ इंची फिगरवर बसवून द्यायला घेतला, म्हणजे डोके बदलण्याचे काम कारखान्याने पुन्हा आपल्याकडे ओढले.

छापलेल्या डोक्यावरच्या थरांच्या रेषा अजून हातानेच घासाव्या लागतात. मानेच्या गोळीचे माप अर्ध्या मिलिमीटरने चुकले तरी डोके डुगडुगते. नेहमीचे छपाईचे रेझिन ठिसूळ असल्याने छापलेला गुडघा चार-दोनदा वळवल्यावर तुटू शकतो, आणि म्हणून हलणारे अंग हवे असेल तर बहुतेक जण आजही कारखान्यात बनलेली फिगरच खोलायला घेतात.