शोभेच्या झाडांची निवड

घराभोवतीच्या बागेत फळा-भाजीसाठी नव्हे, तर फूल, पान, सुगंध, सावली आणि आकार यांसाठी लावायचे वृक्ष, झुडपे आणि बहुवर्षायू वनस्पती ठरवणे. ही नोंद महाराष्ट्रातील बागेपुरती आहे. थंड देशांतील बागकामाच्या पुस्तकांत झाडाचा कसोटीचा काळ हिवाळा असतो. इथे ती कसोटी ऑक्टोबर ते मे हे आठ कोरडे महिने घेतात, म्हणून तिकडचे वेळापत्रक इथे कामाचे नाही.

निवडीतली सर्वांत नेहमीची चूक नर्सरीतच होते. त्या दिवशी जे फुललेले दिसते तेच माणूस उचलून आणतो. मग बाग एकदाच फुलते आणि उरलेले वर्ष नुसती हिरवी राहते. त्यापेक्षा महिन्यांचा हिशेब मांडून झाडे घ्यावीत. पळस, पांगारा, काटेसावर पाने गाळून फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलतात. एप्रिल-मेच्या उन्हात बहाव्याचे पिवळे घोस आणि ताम्हणाचे जांभळे तुरे येतात. पावसाळा सोनटक्क्याचा. श्रावणाच्या सुमारास प्राजक्ताचा सडा पडू लागतो, पाऊस सरल्यावर बुचाची पांढरी फुले गळतात, थंडीत कोरांटी असते. अबोली आणि तगर जवळजवळ वर्षभर साथ देतात.

दुसरा प्रश्न जमिनीचा. कोकणातल्या जांभ्या दगडाच्या आम्ल मातीत पेंटगूळ कुंपणाला लावले तरी मजेत वाढते. तेच झुडूप देशावरच्या चुनखडीच्या काळ्या मातीत आणले की कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. हे लोहाच्या कमतरतेचे लक्षण आहे. लोह मातीत असते, पण चुन्यामुळे मुळांना मिळत नाही. शेणखत कितीही घातले तरी तक्रार परत येते. अशा मातीत झाडच बदलणे शहाणपणाचे. बहावा मुरमाड, कमी पाण्याच्या जागीही तग धरतो. ताम्हण हे महाराष्ट्राचे राज्यपुष्प खरे, पण मूळचे ओढ्याकाठचे झाड. त्याला उन्हाळ्यात पाणी द्यायची तयारी हवी.

वृक्ष निवडताना रोपाकडे नव्हे, वाढलेल्या झाडाकडे पाहायचे असते. गुलमोहर हा मादागास्करहून आलेला पाहुणा. मुळे उथळ, त्यामुळे वादळी पावसात तो उन्मळतो. बुचाचे लाकूड ठिसूळ, फांद्या मोडतात. गाडी उभी करायच्या जागेवर तो नको. सातविणीचा ऑक्टोबरमधला उग्र वास काहींना आवडतो, काहींचे डोके उठवतो, म्हणून ती खिडकीपासून दूर बरी. पिंपळ-उंबर भिंतीजवळ लावण्याचा प्रश्नच नाही. लहान आवारात बकुळ उत्तम: वाढ सावकाश, सावली दाट आणि वाळलेल्या फुलालाही वास. सोनचाफा घ्यायचा तर कलमी घ्यावा. तो लवकर फुलतो आणि आटोक्यात राहतो. बियांच्या रोपाला फुले येण्यासाठी बरीच वर्षे थांबावे लागते.

अशोकाच्या बाबतीत फसगत ठरलेली. नर्सरीत नुसते ‘अशोक’ म्हटले की बहुधा आसुपालव हाती पडतो, तो उंच सरळसोट, लोंबत्या पानांचा. नारिंगी-लाल गुच्छांचा तो सीता-अशोक. त्याला ओलावा आणि थोडी सावली लागते. नाव पूर्ण सांगून मागावे.

झुडपांत कुंतीइतके कामाचे दुसरे नाही. कुंपणाला छाटून ठेवता येते आणि पावसाच्या सरींनंतर काही दिवसांत अख्खे झुडूप पांढरे होते. कढीपत्ता आणि लिंबू याच कुळातले. या कुळावर काही फुलपाखरे अंडी घालतात, त्यांत ब्लू मॉरमॉन हे २०१५ साली राज्य फुलपाखरू ठरलेलेही आहे. अळ्यांनी पाने खाल्लेली चालणार नसतील, तर फुलपाखरांची हौस बाळगू नये. मोगऱ्याला डिसेंबर-जानेवारीत पाणी तोडून छाटावे लागते, एरवी तो पानेच वाढवतो. कण्हेर आणि बिट्टी दणकट, पण विषारी. लहान मुले असतील तिथे टाळावीत. घाणेरी कितीही रंगीत असली तरी लावू नये. तिने आधीच रानेच्या राने व्यापली आहेत.

बहुवर्षायूंची जुनी जागा मोरीच्या पाण्यावर: तिथे कर्दळ आणि सोनटक्का न मागता वाढतात. भुईचाफ्याची गंमत वेगळी. उन्हाळ्यात पान नसताना तो थेट जमिनीतून फुलतो, पावसात पाने काढतो आणि थंडीत दिसेनासा होतो. त्या काळात जागा रिकामी समजून कुदळ चालवली की कंद फुटतात. खुणेला एखादा शहाबादीचा तुकडा पुरून ठेवलेला बरा. कळलावी देखणी असली तरी तिचा कंद घातक विषारी आहे.

वृक्षासाठी मे महिन्यात साधारण दोन-तीन फूट लांब-रुंद-खोल खड्डा घेऊन तापू द्यावा आणि चांगला पाऊस झाल्यावर लावावे. काळ्या मातीत खड्ड्यात पाणी साचते, तिथे तळाशी मुरूम घालण्यापेक्षा उंचवट्यावर लावणे सोपे. रोप घेताना उंची पाहू नये, पिशवीचा तळ पाहावा: मूळ आत गोल गोल फिरले असेल तर ते रोप मागे ठेवावे, कारण तेच वेटोळे पुढे झाडाच्या बुंध्याला आवळते. आणि लावलेला वृक्ष नकोसा झाला म्हणून लगेच पाडता येत नाही. राज्याच्या नागरी क्षेत्रांत १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे तोडण्याआधी परवानगी घ्यावी लागते.