दोमितियानस सुटला, स्पॉन्सियानस अजून आरोपीच

१९०० साली फ्रान्समध्ये नांत शहराजवळ जुन्या नाण्यांचा एक साठा सापडला. त्यात एक नाणं ‘दोमितियानस’ नावाच्या रोमन सम्राटाचं निघालं. पहिल्या शतकातला दोमितियन सगळ्यांना माहीत होता, पण हा त्याचा नामबंधू तिसऱ्या शतकातला. ग्रंथांत त्याचा उल्लेख जेमतेम ओळीभराचा, तोही बंडखोर म्हणून. जाणकारांनी नाणं बनावट ठरवलं आणि विषय मिटला.

तो पुन्हा उघडला २००३ मध्ये. इंग्लंडच्या ऑक्सफर्डशायरमधल्या चालग्रोव्ह गावी मडक्यात जवळपास ५,००० नाणी सापडली, एकमेकांना चिकटून घट्ट गोळा झालेली. ब्रिटिश म्युझियममध्ये ती सुटी करताना तेच नाव, तोच दाढीवाला चेहरा आणि किरणांचा मुकुट दिसला. दोन्ही नाणी एकाच ठशांच्या जोडीने पाडलेली होती. एक फ्रान्सच्या मातीतलं, दुसरं इंग्लंडच्या, आणि मधे १०३ वर्षं! कोणत्याही बनावटकाराला हे जमवून आणता आलं नसतं. इ.स. २७१च्या सुमारास गॉल भागात (आजचा फ्रान्स आणि आसपास) थोडे दिवस सत्ता बळकावलेला हा माणूस एका नाण्याने इतिहासात परत आला. नाण्याइतकंच ते कुठून, कशासोबत आणि कोणाच्या नजरेसमोर निघालं हे मोलाचं, ते यासाठी.

स्पॉन्सियानस हाही असाच तिसऱ्या शतकातला, फक्त नाण्यांवरून माहीत असलेला कथित रोमन सम्राट. त्याच्या पाठीशी नेमकं हेच नाही. १७१३ मध्ये व्हिएन्नाच्या राजसंग्रहासाठी ट्रान्सिल्व्हेनियातली (आजच्या रोमानियातली) काही नाणी, त्यात त्याचीही, घेतली गेली, त्या खरेदीची नोंद आहे. पण जमिनीतून ती कोणी आणि कशी काढली, याचा भक्कम पुरावा नाही. त्याच्या आज माहीत असलेल्या मोजक्या सोन्याच्या नाण्यांपैकी एक ग्लासगोच्या हंटेरियन संग्रहालयात आणि एक रोमानियातल्या सिबियूच्या ब्रुकेनथाल संग्रहालयात आहे. नाणं हातात घेतलं की शंका येतेच. ते ठोकून पाडलेलं नाही, साच्यात ओतलेलं आहे. नाव ‘स्पॉन्सियानसचे’ असं षष्ठीत आहे. मागच्या बाजूला स्तंभ आणि दोन माणसं. हे चित्र थेट इ.स.पू. दुसऱ्या शतकातल्या चांदीच्या दिनारावरून उचललेलं. तिसऱ्या शतकातला सम्राट चारशे वर्षांपूर्वीचं नाणं का गिरवेल? १९व्या शतकात फ्रेंच अभ्यासक आंरी कोएन यांनी ही नाणी निकृष्ट आधुनिक बनावट म्हणून निकालात काढली.

२०२२ मध्ये लंडनच्या पॉल पियरसन यांच्या चमूने हंटेरियनचं नाणं सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. वापरातल्या नाण्यांवर पडतात तसे बारीक ओरखडे आणि पृष्ठभागाला घट्ट धरून बसलेली माती त्यांना दिसली. साम्राज्यापासून तुटलेल्या डाकिया प्रांतात (ट्रान्सिल्व्हेनिया त्यातच येतं) एखाद्या सेनापतीने स्थानिक सोन्यातून ती ओतवली असावीत, असा त्यांचा तर्क. ब्रिटिश म्युझियमचे रिचर्ड ॲब्डी यांच्यासह अनेक नाणेतज्ज्ञांना तो मान्य नाही.

मला ओरखड्यांवर एकट्याने विसंबायला भीती वाटते. १९व्या शतकातला जर्मन बनावटकार बेकर आपली नवी नाणी तेलकट लोखंडी किसासोबत पेटीत भरून घोडागाडीला लावायचा आणि रस्त्याच्या हादऱ्यांनी ती ‘जुनी’ करायचा, असं सांगतात. मातीचा पुरावा मात्र त्याहून वजनदार आहे, तो झटकून टाकता येत नाही.

शिवाय इथे दोन वेगळे प्रश्न एकत्र झाले आहेत: नाणं रोमन टांकसाळीचं आहे का, आणि ते प्राचीन आहे का? आपल्याकडे मराठवाड्यातल्या तेर गावी रोमन नाण्यांच्या भाजक्या मातीतल्या नकला मिळाल्या आहेत. टांकसाळीशी त्यांचा काडीचा संबंध नाही, पण प्राचीन त्या नक्कीच आहेत. स्पॉन्सियानसही साम्राज्याच्या सीमेवर कोणी हौसेने केलेली जुनी नक्कल असू शकतो. त्याचं आणखी एखादं नाणं नोंदवलेल्या उत्खननात, मातीच्या थरातून वर येईपर्यंत मी त्याला सम्राटांच्या यादीत घालणार नाही, आणि बनावटही म्हणणार नाही.