घरोघरी बंदूक हवी, असं गांधीजी म्हणत होते का?

अमेरिकेत बंदुकांवरच्या निर्बंधांचा वाद पेटला की गांधीजींचं एक वाक्य हमखास फिरतं: अख्ख्या देशाला निःशस्त्र करणारा कायदा हे ब्रिटिशांचं सर्वांत काळं कृत्य. वाक्य खरं आहे, त्यांच्या आत्मकथेतच आहे. पण ते अर्धवट उचललेलं आहे, आणि मला राग येतो तो याचाच.

मुळात ते आलं गांधीजींच्या जून १९१८ च्या पत्रकातून. पहिलं महायुद्ध चालू होतं आणि गांधीजी गुजरातेत खेडा जिल्ह्यात ब्रिटिश फौजेसाठी सैनिक भरती करत फिरत होते. त्याच वाक्यापुढे ते सांगतात की हा कायदा रद्द व्हायला हवा असेल तर ही सुवर्णसंधी आहे, अडचणीच्या वेळी सरकारला मदत करा, म्हणजे सरकारचा अविश्वास जाईल. म्हणजे हे आवाहन होतं फौजेत जाण्याचं. लोकांना ते रुचलं नाही: आधीच्या खेडा सत्याग्रहात, म्हणजे शेतसाऱ्याविरुद्धच्या लढ्यात, फुकट बैलगाड्या देणारे शेतकरी आता भाड्यानंही देईनात. रोज वीस-वीस मैल पायपीट, खाणं पिशवीत.

गांधीजींचा राग होता तो १८७८ च्या शस्त्र कायद्यावर. भारतीय माणसाला शस्त्र बाळगायला परवान्याची सक्ती, गोऱ्यांना सूट.

दुसरी बाजूही सांगायलाच हवी. १९३० मध्ये व्हाइसरॉय आयर्विनपुढे ठेवलेल्या अकरा मागण्यांत स्वसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने द्या, ही मागणी होती. मात्र त्यांवर लोकांचं नियंत्रण असावं, ही अटही तिच्यातच होती. परवाना आणि नियंत्रण, दोन्ही.