शार्कची पावडर नको, स्पंजची गोष्ट वाचा

शार्कला कॅन्सर होत नाही म्हणून त्याच्या कूर्चेची पावडर खा, हा मेसेज नागपूरच्या ग्रुपांवर परत फिरून राहिला आहे. शार्कला कॅन्सर होतो, गाठी सापडल्या आहेत, आणि पेशंटना पावडर देऊन ट्रायल घेतल्या त्यात फायदा दिसला नाही. राग याचा येतो की समुद्राने कॅन्सरवर खरंच औषध दिलंय आणि ते कोणी फॉरवर्ड करत नाही.

त्याचं नाव सायटाराबिन, ब्लड कॅन्सरमध्ये देतात. 1950 च्या सुमारास केमिस्ट वर्नर बर्गमन यांना फ्लोरिडाकडच्या समुद्रातल्या एका स्पंजमध्ये (हा समुद्रतळाला चिकटून राहणारा साधा प्राणी) वेगळेच न्यूक्लिओसाइड, म्हणजे डीएनएच्या घटकांसारखे साखर जोडलेले रेणू, सापडले. आपल्या डीएनएमध्ये डीऑक्सिरायबोज साखर असते हे शाळेत झालंय, स्पंजच्या या न्यूक्लिओसाइडमध्ये होती अरॅबिनोज. म्हणजे दोन नंबरच्या कार्बनवर एक ओएच, आणि तोही आरएनएमधल्या रायबोज साखरेच्या उलट दिशेला. एवढाच फरक! हाच धागा पकडून केमिस्ट लोकांनी अरॅबिनोजला सायटोसिन हे डीएनएचं एक अक्षर जोडलं, तेच सायटाराबिन, त्याला 1969 मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली.

आता मजा बघा, पेशी त्याला आपलाच माल समजून आत घेते, स्वतःच्या एंझाइमने तीन फॉस्फेट लावते, म्हणजे विष ती स्वतःच तयार करते, मग डीएनएची कॉपी काढणारं एंझाइम, डीएनए पॉलिमरेज, ते साखळीत बसवतं आणि तिथेच घोळ होतो, त्या उलट्या ओएचमुळे पुढचा घटक नीट जुळत नाही, अजनीच्या रेल्वे यार्डात वाकड्या कपलिंगचा डबा मध्येच लागावा तसं. कॉपी अडकते, पेशी मरते. हे फक्त डीएनएची कॉपी चालू असलेल्या पेशीत घडतं, म्हणून कॅन्सरच्या पेशींसोबत बोनमॅरो आणि तोंड-आतड्याचं अस्तरही तडाख्यात सापडतं, प्लेटलेट पडतात, तोंड येतं. नॅचरल म्हणजे साइड इफेक्ट नाही, हे डोक्यातून काढाच.

आणि हे औषध गिळून चालत नाही, आतड्यात आणि लिव्हरमध्ये सायटिडिन डीअमिनेज हे एंझाइम त्याचा अमिनो गट काढून ते निकामी करतं, म्हणून इंजेक्शन किंवा सलाइनमधूनच द्यावं लागतं. मग डब्यातली पावडर चमच्याने खाऊन गाठीपर्यंत काय पोचणार?

शिवाय समुद्रातून माल काढून भागतही नाही. जपानी संशोधकांना 600 किलो स्पंजमधून हॅलिकॉन्ड्रिन बी हे कॅन्सरच्या पेशी मारणारं दुसरं द्रव्य मिळालं फक्त 12.5 मिलिग्रॅम. हार्वर्डच्या योशितो किशींच्या टीमने 1992 मध्ये तो अवाढव्य रेणू लॅबमध्ये बनवला, मग कळलं की त्याचा अर्धा भागच काम करतो. त्यावरून एरिब्युलिन तयार झालं, 2010 पासून ब्रेस्ट कॅन्सरसाठी वापरतात, आणि त्यात स्पंजचा एक कणही लागत नाही.