पिकअपला एलईडी इंडिकेटर बसवले की ते एवढी घाई का करतात?

पिकअपला पोलादी ऑफ-रोड बंपर बसवला की मूळ इंडिकेटरची जागा बहुधा जाते. मग बंपरला भोक पाडून छोटे एलईडी इंडिकेटर बसवले जातात. दोन वायरी जोडल्या, स्विच ओढला, आणि नेहमीच्या संथ टिक-टॉकऐवजी डॅशबोर्डमागून दुप्पट वेगाने टिकटिक सुरू होते. दिवा चांगला असतो, जोडणीही बरोबर असते. गाडीला मात्र वाटतं की बल्ब उडालाय.

इंडिकेटरचा साधा बल्ब 21 वॉटचा, म्हणजे 12 व्होल्टला पावणेदोन अँपिअर ओढणारा. पुढचा, मागचा आणि फेंडरवरचा 5 वॉटचा धरून एका बाजूला 47 वॉट, जवळपास 4 अँपिअर. इंडिकेटरची उघडझाप करणारा भाग म्हणजे फ्लॅशर. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर या करंटवर लक्ष ठेवून असतो. एक मोठा बल्ब गेला की करंट बराच घटतो, आणि चालकाला कळावं म्हणून फ्लॅशर मुद्दाम वेग वाढवतो. 3 वॉटचा एलईडी घेतो जेमतेम पाव अँपिअर. फ्लॅशरच्या लेखी तो नसल्यातच जमा. जुन्या गाड्यांत दोन धातूंची पट्टी तापून वाकते तो फ्लॅशर असतो. तिथे पट्टी पुरेशी तापतच नाही आणि इंडिकेटर बहुधा नुसता पेटून राहतो.

यावरचा चांगला उपाय म्हणजे एलईडीसाठीचा फ्लॅशर, ज्याला रिलेही म्हणतात. हॅझर्ड (चारही इंडिकेटर एकदम) चालू करून आवाजाच्या दिशेने हात घातला की जुना रिले सापडतो, बहुतेक वेळा फ्यूज बॉक्सच्या आसपास. त्याच्या पिनांवर बी (बॅटरी), एल (दिवे) आणि ई (अर्थ) अशी अक्षरं असतात. सगळ्या रिलेंमध्ये त्यांचा क्रम सारखा नसतो, म्हणून सॉकेटमध्ये 12 व्होल्ट कुठे येतात ते आधी मल्टिमीटरने बघावं. जुना रिले दोन पिनांचा असेल तर नव्याच्या ई पिनेला वेगळी अर्थ वायर द्यावी लागते. ती राहिली की नवा रिले चालतच नाही.

नव्या गाड्यांत वेगळा रिले नसतो, ते काम गाडीचा कंट्रोल मॉड्यूल करतो. तिथे सेटिंग बदलता येत नसेल तर प्रत्येक एलईडीला समांतर 6 ओहम, 50 वॉटचा रेझिस्टर लावतात. तो जास्तीचा करंट ओढतो, म्हणून गाडीला साधा बल्बच असल्यासारखं वाटतं. इंजिन चालू असताना 13.8 व्होल्टला त्यातून 2.3 अँपिअर जातात आणि सुमारे 32 वॉटची उष्णता होते. इंडिकेटर निम्मा वेळ बंद असतो म्हणून निभावतं. पण हॅझर्ड बराच वेळ चालू राहिला तर रेझिस्टरला हात लावणं शक्य नसतं, आणि त्याला चिकटलेली वायरीची पीव्हीसी वितळू लागते. तो टेपने वायरिंगला गुंडाळणं ही सर्वांत वाईट पद्धत. चासीच्या धातूवर स्क्रूने आवळावा, वायरी आणि प्लास्टिकपासून लांब. शिवाय एलईडी उद्या बंद पडला तरी रेझिस्टर करंट ओढत राहील आणि गाडी काहीच सांगणार नाही.

आणखी एक गोंधळ हमखास दिसतो: डावा इंडिकेटर दिला की चारही दिवे लागतात. काही गाड्यांत डॅशबोर्डवर दोन्ही बाजूंसाठी मिळून एकच छोटा दिवा असतो. त्याचं एक टोक डाव्या आणि दुसरं उजव्या वायरीला जोडलेलं असतं. डावी बाजू चालू झाली की करंट या दिव्यातून उजव्या बाजूच्या बल्बांमधून अर्थला जायचा. तेवढ्याशा करंटने 21 वॉटचे बल्ब पेटायचे नाहीत. एलईडीला मात्र तेवढा पुरतो. इथे 1एन4007 हे दोन डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे) कामी येतात. डाव्या आणि उजव्या वायरीपासून एकेक डायोड आणून त्यांची रंगीत पट्टी असलेल्या बाजूची टोकं एकत्र करून डॅश दिव्याच्या एका टोकाला जोडायची, दुसरं टोक अर्थला. दोन डायोडचा खर्च एका चहापेक्षा जास्त नाही.

अर्थसाठी पावडर कोटिंग केलेल्या बंपरवर विसंबू नये. रंग वीज जाऊ देत नाही. वेगळी काळी वायर चासीपर्यंत न्यावी, रंग खरवडून रिंग टर्मिनल आवळावं. जोड क्रिंप करून (पक्कडीने दाबून) आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी चढवावी. नुसत्या सोल्डरने वायरीचे तंतू कडक होतात आणि धक्क्यांनी नेमके सोल्डर संपतं तिथे तुटतात.

दिवा निवडताना नुसता आकार बघणं महागात पडतं. युरोपीय नियमावलीत पुढच्या इंडिकेटरची तीव्रता समोरच्या दिशेने किमान 175 कँडेला (प्रकाशाच्या तीव्रतेचं एकक) लागते, आणि तो हेडलाइटच्या लो बीमपासून 20 मिलिमीटरच्या आत असेल तर 400, कारण शेजारच्या झोतात तो हरवतो. बंपरवर शोभेला लावतात ते 19 मिलिमीटरचे मार्कर दिवे या कामाचे नाहीत. भोकात खोल बसवलेला दिवा बाजूने येणाऱ्या दुचाकीस्वाराला दिसतच नाही, म्हणून काच बंपरच्या पृष्ठभागाशी यायला हवी. आपल्याकडे रंग अंबरच लागतो. अंबर काचेमागे पांढरा एलईडी लावू नये: त्याच्या प्रकाशातला निळा भाग काच अडवते, उरलेला फिका दिसतो.

ओढ्यात गाडी घालताना गरम दिवा अचानक गार होतो, आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. म्हणून आयपी67 दर्जाचा (धूळ आणि पाणी आत जाऊ न देणारा) दिवा घ्यावा आणि वायर दिव्यापासून आधी खाली उतरवून मग वर न्यावी, म्हणजे ओघळणारं पाणी दिव्यात न जाता तळाच्या वळणावरून टपकतं. सगळं बसवल्यावर इंजिन आणि हेडलाइट चालू ठेवून उघडझाप मोजावी. मिनिटाला 60 ते 120 हवी. मग भर दुपारी, ऊन थेट काचेवर पडत असताना, लांब उभं राहून पुन्हा बघावं.